समासातले वास

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर २०२५

क्रांती,

नावाआधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड झालेला कागद तुला पाठवणं बरं दिसेना म्हणून हा दुसरा घेतला. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, ईमेलला उत्तर देत नाहीस. राहता राहिलं पोस्ट. खरं तर पेठ वडगाव एसटीनं तासाभराच्या आत येतं आणि पत्राला चार दिवस लागतात. पण मी स्वतः आले तर तू स्टाफरूममधून उठून वर्गावर निघून जाशील, तास नसला तरी. पत्र निदान टेबलावर पडून राहतं. फार तर फाडशील.

कामापुरतं लिहितेय, असंच समज. आपल्या संशोधन केंद्राचा आणि स्कॉटलंडमधल्या त्या विद्यापीठाचा करार अखेर झाला. मेंदूच्या आजारांवर दोन्हीकडच्यांनी मिळून पाच वर्षं काम करायचं, आणि नुकती पीएचडी झालेल्या आपल्यासारख्यांना त्यात उभं करायचं. दर वर्षी कोल्हापुरातून एकजण निवडणार. तीन वर्षांची फेलोशिप, स्वतःची छोटी का होईना प्रयोगशाळा, तिकडचा एक मार्गदर्शक आणि सहा महिने तिकडं राहून शिकायचं. कॅन्टीनमध्ये बसून आपण दोघी ज्याच्या गप्पा मारायचो, तेच हे. पहिल्या वर्षासाठी माझी निवड झालीय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं असं वाटलं.

निवड कशावर झाली ते तू ओळखलं असशीलच. वासाच्या चाचणीवर. कंपवाताची थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी माणसाला वास येईनासा होतो, तेव्हा आपल्या भागातल्या साठीपुढच्या धडधाकट लोकांना किती वास ओळखता येतात हे आधी मोजून ठेवायचं, एवढं आपलं काम होतं. तिकडून आलेली ती पेटी, तिच्यातली सोळा पेनं, टोपण काढून नाकाखाली धरायचं आणि चार नावं वाचून दाखवायची. मुरगूडच्या बाजूची गावं तुझ्याकडं होती, शाहूपुरी आणि आसपासचा भाग माझ्याकडं. माझे बहुतेक लोक पास झाले, तुझे निम्म्याहून जास्त नापास. केबिनमध्ये सगळ्यांसमोर पृथ्वीराज सरांनी तुझे एकशे बारा फॉर्म टेबलावर आपटून विचारलं, घरात बसून भरलेस काय म्हणून. महिन्याभरात तू केंद्र सोडलंस आणि वडगावच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायला लागलीस. याला आता दोन वर्षं होतील. जे झालं ते झालं. त्या दिवशी आपण सगळेच गडबडलो होतो.

तर काम असं, की तिकडच्यांना आपले सगळे जुने फॉर्म स्कॅन करून हवेत, तुझेसुद्धा. त्यासाठी तुझी संमती लागते. फॉर्म सोबत जोडलाय, सही करून पाठव.

अब्बा अधूनमधून विचारतात, ती मुरगूडची पोरगी आता येत न्हाय व्हय. मी सांगते, तिला फार काम असतं.

शाहिस्ता


२९ नोव्हेंबर

क्रांती,

तुझी सही आली. लिफाफा उलटा करून झटकला, आत बोट घालून बघितलं, सोबत एक अक्षर नव्हतं. ठीक आहे. सहीखालची रेघ मात्र कागद फाटेल इतक्या जोरात मारलीयस, ती मी उत्तर म्हणून धरली.

स्कॅन करायचं काम ऑफिसातल्या कुणालाही देता आलं असतं. मी स्वतः बसले. का, ते विचारू नकोस. चार दिवस तुझे फॉर्म वाचतेय आणि मला जेवण सुचत नाही. चूक-बरोबरच्या खुणा सगळ्यांनीच केल्या होत्या. तू प्रत्येक चुकीपुढं समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, ते माणूस काय म्हणालं तेही लिहून ठेवलंयस. पाइनच्या झाडाचा वास, त्यापुढं: 'दवाखान्यात फरशी पुसत्यात ते.' विंटरग्रीन: 'गुडघ्याला चोळायचा बाम.' लवंग: 'दाढ दुखल्यावर ठेवायचा कापूस.' लॅव्हेंडर: 'लग्नात पावण्यांच्या कापडास्नी येतोय त्यो.' रूट बिअर नावाचं जे काय आहे ते मी स्वतः कधी प्यायले नाही, त्याला एका आजींनी म्हटलंय, 'बारक्यांच्या तापाचं लाल औषध.' दुसऱ्या गावातल्या आजोबांनीही तेच म्हटलंय, आणि तिसऱ्या गावातल्या सातजणांनी.

क्रांती, या लोकांची नाकं शाबूत होती. आपण वाचून दाखवत होतो त्यांतली बरीचशी नावं त्यांनी जन्मात ऐकलेली नव्हती, आणि लवंगेसारख्या ओळखीच्या गोष्टीचा वास त्यांना दुसऱ्याच ठिकाणी भेटलेला होता. तू त्या दिवशी सरांना हेच सांगायचा प्रयत्न करत होतीस. सर म्हणाले, तुला आकडे आणायला पाठवलं होतं, गोष्टी गोळा करायला नाही. सगळे हसले. मीही हसले, हे तू बघितलंस का ते मला माहीत नाही.

आणि तुझ्या गावांतल्या चाचण्यांच्या तिसऱ्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते. ते जे घर होतं, ज्याच्या सोप्यात अर्धी गल्ली जमली होती. म्हाताऱ्या माणसाच्या नाकाखाली पेन धरलं की बाकीचे उत्तरं द्यायचे, आणि ज्याची चाचणी चाललीय तो गप्प. तू सगळ्यांना बाहेर काढलंस. घरधनीण तेवढी राहू दे म्हणाली तर तिलाही हाताला धरून बाहेर नेलंस. तिनं मग आपल्याला चहा दिला नाही, आणि मुरगूडकडच्या घरात चहा न देणं म्हणजे काय हे मला तुझ्यामुळंच कळलं. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. तू घरात बसून एकही फॉर्म भरला नव्हतास, हे मला ठाऊक होतं. सरांच्या केबिनमध्ये तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "तू होतीस की. सांग." आणि मी फरशीकडं बघत राहिले. त्या दिवशी सगळे गडबडले होते असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. गडबडलेली मी होते. प्रोजेक्ट वाढणार होतं आणि एकीलाच ठेवणार होते, हे मला तुझ्याआधी कळलं होतं.

मी उद्याच सरांना समास दाखवणार आहे. पेटीत खोट आहे हे त्यांना पटवणार आहे.

तू विचारशील, मग तुझ्या शाहूपुरीच्या लोकांना ही नावं कशी कळली. शहर आहे. लोक टीव्ही बघतात, मॉलमध्ये जातात. असेल तसंच काहीतरी.

शाहिस्ता


९ डिसेंबर

क्रांती,

सर खूश झाले. मला वाटलं होतं खजील होतील. त्यांनी समासाचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढून घेतले आणि म्हणाले, शाहिस्ता, हा तर पेपर आहे. खेड्यातली नाकं आणि शहरातली नाकं. पेटी शहरात चालते, खेड्यात चालत नाही, आणि हे जगात पहिल्यांदा आपण दाखवणार. आठ जानेवारीला स्कॉटलंडची मंडळी येतायत, त्यांच्या प्रमुख डॉ. फियोना स्वतः येतायत. त्यांच्यापुढं हे मी मांडायचं. मी विचारलं, क्रांतीचं नाव? सर म्हणाले, आभारात घालू की.

मी तिथंच काही बोलायला हवं होतं, आणि बोलले नाही. आधी तुझाच राग आला. खरंच. तूही जरा थांबायचं होतंस, भांडायचं होतंस. कॉलेजात पोरांना बेडकाचं काळीज दाखवण्यासाठी तू पीएचडी केलीस का? असं एक पान लिहिलं होतं मी तुला. पाठवलं नाही, पण लिहिलं होतं हे सांगते.

मग दुकानात जाऊन बसले. अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान तुला माहीतच आहे, व्हार्निशच्या वासानं तुझं डोकं दुखायचं. अब्बा तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे पेटीचं सांगितलं, बाकीचं नाही. शहर आणि खेडं हेही सांगितलं. ते हात न थांबवता ऐकत होते. मग म्हणाले, "जळकी मोटार आली की गिऱ्हाईक म्हणतंय मोटार खराब. मी म्हणतो, आधी लाइनीचं व्होल्टेज बघा. ते बरोबर निघालं तर मीटर तपासा. मीटरबी बरोबर निघाला, तर मीटर धरणारा कोण हुता ते बघा." आणि मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, शाहूपुरीत मीटर कुणाच्या हातात होता?

मी म्हटलं, उशीर झालाय, निघते. घर दुकानाच्या वरच आहे, अब्बा हसले असतील.

कशाला हे तुला लिहितेय कळत नाही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही, एवढं कळतं.

शाहिस्ता


२१ डिसेंबर

क्रांती,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. आता एका दमात लिहून पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे.

आकाराम दादा म्हणून आमच्या मागच्या बोळात राहतात. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन सात-आठ वर्षं झाली. मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. गुरुवारी ते मिक्सरची मोटार घेऊन दुकानात आले. पिशवीची गाठ सोडत होते आणि सुटत नव्हती. मी पुढं होऊन सोडली. त्यांचा उजवा हात टेबलावर ठेवला तरी हलत होता. म्हणाले, दिवाळीपासून गोळ्या चालू आहेत, मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय. त्याआधी दीड वर्ष खांदा धरलाय म्हणून शेक घेत होते, मालिश करून घेत होते, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं म्हणाले, "तसं तू तपासलंतीस की मला. सोळापैकी तेरा. चिठ्ठी बी हाय माझ्याकडं. पहिल्या डॉक्टरानं इचारलं, वास येतोय का नीट, तर मी तीच चिठ्ठी दावली. पास हाय म्हटलं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता, आपल्या गल्लीतल्या पोरीनं दिलेल्या चिठ्ठीचा. मला तिथं उभं राहवेना.

आता जे तुझ्यापासून, सरांपासून आणि दोन वर्षं स्वतःपासूनही लपवलं, ते लिहिते. ते तेरा आकाराम दादांचे नव्हते, माझे होते. पहिलं पेन नाकाखाली धरलं तेव्हा ते म्हणाले होते, काय वासच येत न्हाय पोरी, पाण्यागत लागतंय. तुझे मुरगूडचे लोक वास घेत होते आणि वेगळं नाव सांगत होते. या माणसाला वासच येत नव्हता, आणि तो मला तसं तोंडानं सांगत होता. त्यासाठीच तर ती चाचणी होती. मी काय केलं? म्हटलं, दादा, सर्दी झाली असेल, परत एकदा घ्या. शेजारी त्यांची सून उभी होती. सुनेसमोर त्यांना येत नाही, येत नाही म्हणायला लागतंय हे मला बघवेना. मी चार नावांतली दोन गाळून दाखवली. उरलेल्या दोनांतलं बरोबर असेल ते जरा हळू आणि लांबवून वाचलं. ते म्हणाले तसं मी मान हलवली. त्यांचा चेहरा खुलला, मलाही बरं वाटलं. आम्ही दोघांनी मिळून चहा घेतला.

आणि असं एकट्या त्यांच्याच घरी झालं नाही. मावशी, चाचा, काकी, ज्यांच्या घरी मी ईदचा शीरखुर्मा पोचवते त्या लोकांना मी नापास कसं करणार होते? आम्ही अडाणी, आमाला काय कळतंय, असं कुणी म्हणालं की माझा जीव तुटायचा आणि तोंडातून काहीतरी निघून जायचं. मला वाटायचं, मी माणुसकीनं वागतेय. तू मात्र माणसांना बाहेर काढून दार लावून घेत होतीस, तेव्हा मी मनात म्हणायचे, ही किती कोरडी आहे. माझे नव्वदच्या नव्वद फॉर्म तसेच आहेत. शहर आणि खेडं असा काही फरक नाही. फरक तू आणि मी आहोत.

काल आकाराम दादांच्या डॉक्टरांना जाऊन भेटले आणि त्यांना चिठ्ठीचं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, दीड वर्ष आधी कळलं असतं तरी आजार थांबला नसता. पण औषधं, व्यायाम लवकर सुरू झाले असते, चुकीचे उपचार वाचले असते, आणि माणूस आपण कामातून का जातोय या विचारानं कुढत बसला नसता. मग दादांकडं गेले. त्यांनाही सांगितलं. मी म्हटलं, मला हे सगळ्यांपुढं सांगावं लागेल, तुमचं नाव घेणार नाही. तर म्हणाले, "घे की नाव. ड्रायव्हर हुतो मी. ब्रेक लागत नसला तर लागत न्हाय म्हणूनच सांगायचं असतंय."

आठ तारखेला मी हे सांगितलं तर फेलोशिप जाणार, हे तुला सांगायला नको. ती माझ्या त्या नव्वद फॉर्मवर उभी आहे. मला ती सोडवत नाही, क्रांती. अम्मीनं थंडीचं जॅकेट आणून ठेवलंय. खरं सांगते, अजूनही मनात येतं की आकाराम दादांचा एक फॉर्म गुपचूप बाजूला काढावा आणि बाकीचं तसंच पुढं न्यावं. तो विचार येतो आणि मग मला तुझी ती समासातली मुंगीएवढी अक्षरं दिसतात.

शाहिस्ता


७ जानेवारी २०२६

क्रांती,

उद्या अकरा वाजता. सरांना आधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला अडवतील आणि मी अडेन, माझा मला भरवसा नाही. पहिल्या स्लाइडवर तुझं नाव घातलंय. हे पत्र तुला पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी पोस्टात टाकून येते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

शाहिस्ता


१० जानेवारी

क्रांती,

सांगितलं.

भाषण बसवलं होतं, त्यातलं अर्धं विसरले. आधी तुझे फॉर्म दाखवले, मग माझे, मग मी काय केलं होतं ते. सुनेसमोरचं, नाव लांबवून वाचायचं, मान हलवायचं, सगळं करून दाखवलं. आकाराम दादांचं नाव घेऊन सांगितलं. शेवटी म्हटलं की डॉ. क्रांती भारमलचा प्रत्येक फॉर्म खरा होता, मी साक्षीला होते आणि गप्प बसले. सर पहिल्या रांगेत होते. त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सारखं तिकडंच बघत होते.

फियोना बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल नव्हता. समासात लिहिणारी व्यक्ती इथं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती आम्ही घालवली. मग त्यांनी समास वाचून दाखवायला सांगितले. दोन तास मी एकेक ओळ वाचतेय आणि इंग्रजीत सांगतेय. 'पावण्यांच्या कापडास्नी येतोय त्यो' हे इंग्रजीत सांगताना माझी जी तारांबळ उडाली, ती तू बघायला हवी होतीस. लोक हसत होते, पण या वेळी ते हसणं वेगळं होतं. बाई म्हणाल्या, इथल्या स्वयंपाकघरातले सोळा वास घेऊन तुम्ही आमच्याकडं आलात तर माझी आई सगळ्यांत नापास होईल. त्यांना आता इथल्या लोकांच्या ओळखीच्या वासांची नवी पेटी करायचीय, तुझ्या समासावरून.

माझी फेलोशिप गेली. कुणी आरडाओरडा केला नाही. बाईंनी शांतपणे सांगितलं की ज्या आकड्यांवर निवड झाली ते आकडे राहिले नाहीत, तेव्हा निवडही राहत नाही. बरोबर आहे त्यांचं. घरी येऊन पोटभर रडले. अब्बा शेजारी बसून राहिले. केंद्रात मार्चअखेरपर्यंत आहे मी, पण स्वतः चाचण्या घ्यायच्या नाहीत, कुणाच्या तरी हाताखाली राहायचं. बाई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अशी चूक करणारे बरेच असतात, उभं राहून सांगणारे फार थोडे भेटले, पुढच्या वर्षी नव्या कामावर अर्ज कर. मी त्यावर फार विसंबून नाहीये. पण आज सकाळी उठले तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागली होती.

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, फॉर्म मी आपटले होते. एवढंच म्हणाले. तुला ते स्वतः पत्र लिहितायत. त्यांचं अक्षर लागत नाही, धीरानं वाच.

आता मुख्य. ही फेलोशिप पुन्हा जाहीर होतेय. एकतीस जानेवारीपर्यंत अर्ज करायचाय, पीएचडी होऊन पाच वर्षांच्या आत हवी, तुझी बसते. सोबत नव्या वासांवर वीस लोकांची छोटी चाचणी जोडायचीय. हे काम ज्याला करता येईल असं माणूस मला एकच माहीत आहे. माझ्यासाठी कर असं म्हणायचा मला हक्क नाही. तू परत आलीस तर मला बरं वाटेल हे खरं, पण म्हणूनही येऊ नकोस. वासाचं काम तुझं होतं, तू ते नीट केलं होतंस, म्हणून ये.

अर्जाचे कागद सोबत आहेत.

शाहिस्ता


पेठ वडगाव
१९ जानेवारी

शाहिस्ता,

तुझी सगळी पत्रं पोचली आणि सगळी वाचली. पहिलं वाचून तुला येऊन चार शब्द सुनावावेत असं वाटलं. चौथं वाचून दोन दिवस रजा टाकली. राग गेलेला नाही. कधी जाईल ते मला माहीत नाही आणि तू विचारू नकोस. सरांचं पत्रही आलं, त्यांना मी वेगळं लिहीन.

तुला एक गोष्ट माहीत नाही. फॉर्मवर नावं नसतात, नंबर असतात, त्यामुळं तुला कळणार कसं. एकोणीस नंबर म्हणजे माझी चिमणा आत्ती. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. तिला सोळापैकी तीन आले. तिथं समास कोरा आहे, कारण परीक्षेच्या धास्तीनं ती दुसरं काही बोललीच नाही. ते तीन सोडून दर पेनाला 'म्हाईत न्हाय, म्हाईत न्हाय' म्हणत माझ्याकडं बघत राहिली. मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. तीन लिहिले. घरातले मला बोलले, स्वतःच्या आत्तीला नापास करून आली म्हणून. त्याचं मला काही नाही. पण त्या तीनचा अर्थ घरात फक्त मला माहीत होता. दोन वर्षं मी दर रविवारी मुरगूडला जाते आणि ती कप उचलते तेव्हा तिच्या हाताकडं बघत बसते. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

काल कॉलेजच्या लॅबमधल्या बारा बाटल्या घेऊन गेले. माझ्याच समासातलं एकेक भरलं. बाम, फिनेल, रॉकेल, हिंग, करपलेलं दूध, म्हशीची पेंड, असलं सगळं. सगळ्यांना बाहेर काढलं. आत्तीला तिचाच पदर डोळ्यांवर धरायला लावला. पर्याय वाचले नाहीत, नुसतं विचारलं, हे काय हाय. तिनं बाराच्या बारा सांगितले. हिंगाला म्हणाली, "ह्ये आपल्या घरातलं न्हवं. थोरलीकडनं आणलंस व्हय?" खरंच थोरल्या काकीकडनं आणलं होतं. मी बाहेर मोरीवर जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं, तरी आवरेना.

एवढं मला तुझ्या पत्रांमुळं मिळालं, म्हणून हे लिहितेय.

अर्ज भरलाय. मदतनीसाच्या रकान्यात तुझं नाव घातलंय. अजून एकोणीस माणसं बाकी आहेत. तू सोबत यायचं, बाटल्यांची टोपणं उघडायची, आणि चाचणी चालू असताना तोंड उघडायचं नाही. बोलायचं तेव्हा तू गप्प बसलीस, आणि गप्प बसायचं तेव्हा बोललीस. आता ते उलटं करून दाखव. रविवारी सकाळी नऊला मुरगूडच्या स्टँडवर उभी राहा.

क्रांती